पुन्हा पुन्हा तोल जातो तेव्हा: भावनिक उद्रेक समजून घेण्याची आणि आवरण्याची पद्धत

कारण क्षुल्लक असतं आणि भडका मात्र मोठा उडतो. कुणी किंचाळतं, कुणी हातातली वस्तू भिरकावतं, कुणी ओक्साबोक्शी रडत खोलीचं दार लावून घेतं, तर कुणी स्वतःलाच मारून घेतं. तासाभराने सगळं ओसरतं. मग ओशाळलेपण येतं, ‘आता पुन्हा असं होणार नाही’ हा निश्चय होतो, आणि काही दिवसांनी तेच सगळं नव्याने घडतं. हा लेख अशा परत परत येणाऱ्या उद्रेकांबद्दल आहे. ज्यांचा स्वतःचा तोल जातो त्यांच्यासाठी तो आहेच, आणि अशा माणसाबरोबर राहणाऱ्यांसाठीही आहे.

बहुतेकांची सगळी ताकद चुकीच्या वेळी खर्च होते, असं माझं ठाम मत आहे. भडका उडाल्यावर स्वतःला आवरायची धडपड सुरू होते, आणि नेमकं तेव्हाच हातात फार थोडं उरलेलं असतं. त्या क्षणी फक्त नुकसान कमी करता येतं. खरा बदल घडतो तो दोन उद्रेकांच्या मधल्या शांत दिवसांत, जेव्हा कुणालाच तो विषय काढावासा वाटत नाही. म्हणून इथे सांगितलेलं बरंचसं काम शांत डोक्याने करायचं आहे.

सगळ्यात आधी: कुणाच्या जिवाला धोका आहे का?

मारहाण होत असेल, हाताशी शस्त्र असेल, आत्महत्येची भाषा होत असेल, स्वतःला इजा केली जात असेल किंवा घरातली मुलं भेदरून राहत असतील, तर खालच्या पायऱ्या नंतर. आधी मानसोपचारतज्ज्ञ, रुग्णालय, आपत्कालीन सेवा किंवा तुमच्या भागातली हेल्पलाइन गाठा. धारदार वस्तू आणि औषधांचा साठा घरातून हलवा.

आणखी एक फरक इथेच सांगायला हवा, कारण तो नजरेआड झाला की भलत्याच माणसाच्या डोक्यावर ओझं येतं. एखादा माणूस वरिष्ठांसमोर, पाहुण्यांसमोर, अनोळखी लोकांसमोर व्यवस्थित शांत राहतो, आणि दार बंद झाल्यावर एकाच, कमजोर व्यक्तीवर तुटून पडतो. असं कायम होत असेल, तर त्याचा तोल जातो असं समजू नका. तो धाक दाखवून दुसऱ्याला मुठीत ठेवतो आहे. तिथे समोरच्याने ‘त्याला शांत कसं करावं’ हे शिकत बसण्यात अर्थ नाही. तिथे सुरक्षित बाहेर पडण्याची तयारी आणि कायद्याची मदत लागते.

पायरी १: आत नेमकं काय होतं ते समजून घ्या

मेंदूच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराचा अमिग्डला नावाचा भाग असतो. धोका हेरणं हे त्याचं एक मुख्य काम. अपमान, नकार, दुर्लक्ष यांनाही तो धोक्यासारखाच प्रतिसाद देऊ शकतो. तिथून निघालेल्या इशाऱ्यावर अ‍ॅड्रिनलिन रक्तात येतं, छाती धडधडू लागते, श्वास उथळ होतो, स्नायू ताठतात; थोड्या वेळाने कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही वाढतं. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स एरवी या सगळ्याला लगाम घालतो, परिणामांचा विचार करतो, शब्द निवडतो. ताण अति झाला की नेमकी त्याचीच पकड सुटते. ‘तेव्हा मला काही सुचतच नव्हतं’ हे वाक्य म्हणूनच बहुतेक वेळा खरं असतं.

जोडप्यांच्या भांडणांचा अनेक वर्षं अभ्यास केलेले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात की भांडताना नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की माणूस समोरच्याचं ऐकून घेऊ शकत नाही, आणि शरीर खाली यायला निदान २० मिनिटं लागतात. हा २० मिनिटांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

मग काहींचाच तोल पुन्हा पुन्हा का जातो? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी दिलेलं उत्तर मला सगळ्यात माणुसकीचं वाटतं. काही माणसं जन्मतःच भावनांच्या बाबतीत हळवी असतात: त्यांना चटकन लागतं, खोल लागतं आणि पूर्ववत व्हायला वेळ लागतो. अशा मुलाच्या आजूबाजूला ‘एवढ्याने काय रडतोस’, ‘तुला उगाच वाटतं’, ‘नाटकं बंद कर’ हेच ऐकू येत राहिलं, तर आपल्याला काय वाटतंय ते ओळखायला आणि योग्य मापात सांगायला ते मूल शिकतच नाही. साधं सांगून कुणी ऐकत नाही, टोकाला गेल्यावरच लक्ष दिलं जातं, एवढंच त्याला कळतं. मोठेपणी ही सवय आपोआप सुटत नाही. यात कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं कारण नाही. पण ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणून सोडून द्यायचंही कारण नाही, कारण जे शिकायचं राहून गेलं ते पुढेही शिकता येतं.

पूर्ववत व्हायला वेळ लागतो, या मुद्द्यावर जरा थांबा. पहिल्या भडक्यानंतर माणूस वरून शांत दिसतो, पण आतलं पाणी अजून उकळतंच असतं. त्याच संध्याकाळी दुसरी लहानशी गोष्ट घडते आणि दुसरा उद्रेक पहिल्यापेक्षा मोठा होतो. बघणाऱ्याला वाटतं, ‘एवढ्याशा गोष्टीवरून?’ गोष्ट एवढीशीच असते, पण ती शून्यावर पडलेली नसते.

पायरी २: प्रत्येक उद्रेकाची साखळी लिहून काढा

एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. लिनेहान यांच्या उपचारपद्धतीत, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीत, हिला साखळी विश्लेषण म्हणतात. उद्रेक ही एक घटना नसून कड्यांची माळ असते, आणि प्रत्येक कडीपाशी ती तोडण्याची संधी असते, हा त्यामागचा विचार आहे.

एक उदाहरण घेऊ. एका बाईने रात्री नवऱ्यावर आरडाओरडा केला आणि मोबाइल भिंतीवर फेकला. कारण विचारलं तर ती म्हणेल, ‘मी बोलत होते आणि त्याने मान वर करूनही पाहिलं नाही.’ आता मागे जाऊ. आदल्या रात्री झोप जेमतेम झालेली. दुपारचं जेवण हुकलेलं. कामावर सगळ्यांसमोर तिची चूक काढली गेली, आणि तिने ते निमूट गिळलं. घरी येताना डोकं ठणकत होतं. ‘थोडा वेळ पडते’ असं वाटलं, पण ती पडली नाही. नवऱ्याशी बोलायला गेली, तो मोबाइलमध्ये. तिने दोनदा हाक मारली. मनात आलं, ‘माझी कुणालाच किंमत नाही.’ कानशिलं तापली, जबडा आवळला गेला. ‘तुझं नेहमीचंच आहे’ असं ती म्हणाली. तो म्हणाला, ‘आता काय झालं?’ मग आवाज चढला, जुनी उणीदुणी निघाली, मोबाइल फेकला गेला. त्यानंतर नवऱ्याने घाबरून सगळं मान्य केलं, तासभर समजूत काढली. ती रात्री रडत राहिली. पुढचे दोन दिवस अबोला.

‘राग आला म्हणून मोबाइल फेकला’ या एका वाक्यात हे सगळं दडलेलं होतं. आता बघा, किती ठिकाणी ही साखळी तुटू शकली असती. जेवण, डोकेदुखी, अर्धा तास पडणं, कामावरचा अपमान कुणाला तरी सांगणं, तिसऱ्यांदा बोलण्याआधी ‘मला तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचंय, कधी वेळ आहे?’ असं विचारणं. यातली एकही गोष्ट मोबाइल हातात असताना करायची नव्हती.

वहीत या गोष्टी लिहा: दिवस आणि वेळ, आदल्या रात्रीची झोप, शेवटचं खाणं, दुखणं, दारू, पाळीची तारीख, ठिणगी कोणती पडली, मनात कोणतं वाक्य आलं, शक्यतो जसंच्या तसं, शरीरात पहिली खूण कुठे जाणवली, काय केलं, किती वेळ चाललं, ० ते १० मध्ये तीव्रता किती, आणि नंतर काय झालं. एक दिवस उलटायच्या आत लिहा, नाहीतर आठवण आपल्या सोयीची होऊन बसते. पाच-सहा नोंदी झाल्या की त्या शेजारी शेजारी ठेवून वाचा. तीच वेळ, तेच माणूस, तेच एक वाक्य परत परत दिसेल.

शेवटचा रकाना लोक गाळतात, आणि तोच सगळ्यात बोलका असतो. उद्रेकानंतर काय मिळालं? वरच्या उदाहरणात एरवी न मिळालेलं लक्ष मिळालं. दुसऱ्या कुणाला नकोसं काम टळल्याची सुटका मिळते, कुणाला नुसताच आतला ताण मोकळा झाल्यासारखा वाटतो. याचा अर्थ ते मुद्दाम केलं जातं असा अजिबात नाही. मेंदू न विचारता शिकतो: ज्याने काम झालं ते तो पुन्हा करतो. म्हणून उद्रेकातून जे मिळत होतं ते दुसऱ्या, शांत मार्गाने मिळण्याची सोय केल्याशिवाय उद्रेक थांबत नाहीत.

पायरी ३: जळण कमी करा

ठिणग्या सगळ्याच टाळता येत नाहीत, पण जळण कमी ठेवता येतं. पहिला मान झोपेचा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या एका अभ्यासात, रात्रभर जागवलेल्या तरुणांना नकोशी चित्रं दाखवल्यावर त्यांच्या अमिग्डलाचा प्रतिसाद झोप झालेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त आढळला, आणि लगाम घालणाऱ्या भागाशी असलेला त्याचा संपर्कही कमकुवत दिसला. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा सतत पेंग येणं असं असेल तर तपासणी करून घ्या. त्यावर उपचार आहेत.

भूक, अंगदुखी आणि दारू यांचंही तसंच. दारूने आधीच सैल असलेला लगाम पूर्ण सुटतो, आणि दुसऱ्या दिवशीची चिडचिड वेगळीच. नोंदींत दारूच्या रात्री आणि उद्रेकाच्या रात्री एकत्र दिसत असतील, तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्यावर उपचार घ्या.

औषधांकडेही लक्ष द्या. स्टिरॉइड गोळ्यांनी काहींचा मूड बिघडतो. फिट्सवर दिल्या जाणाऱ्या लेव्हेटिरासेटामने चिडचिड आणि आक्रमकता वाढू शकते. नवीन औषध सुरू झाल्यावर स्वभाव बदलल्यासारखा वाटला तर डॉक्टरांना लगेच सांगा. गोळी मनाने मात्र बंद करू नका, फिट्सची तर मुळीच नको.

पायरी ४: शांत असताना करार करा

नोंदींमधून तुमची पहिली शारीरिक खूण सापडली असेल: कानशिलं, जबडा, पोटातला गोळा, थरथरणारे हात. आता त्या खुणेला एक कृती बांधायची. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवून दिलं आहे की ‘मी शांत राहीन’ अशा नुसत्या निश्चयापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं ठरवलेलं जास्त पाळलं जातं. म्हणून असं लिहा: ‘कानशिलं तापली की मी “मला वीस मिनिटं हवीत” असं म्हणेन आणि आतल्या खोलीत जाईन.’ दिवसातून एकदा, अगदी शांत असताना, ते मोठ्याने म्हणा आणि उठून प्रत्यक्ष त्या खोलीत जाऊन या. सुरुवातीला अवघडल्यासारखं होईल. पण डोकं तापलेलं असताना नवीन काही सुचत नाही, फक्त अंगवळणी पडलेलं होतं. म्हणून ते आधीच अंगवळणी पाडायचं.

हा करार घरच्यांबरोबर बसून करा. त्यात तीन गोष्टी ठरलेल्या असाव्यात: कोणत्या शब्दावर किंवा खुणेवर बोलणं थांबणार, कोण कुठे जाणार, आणि परत कधी येऊन बोलणार. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. परत यायची वेळ न सांगता उठून गेलेला माणूस समोरच्याला सोडून गेल्यासारखा वाटतो, आणि ज्याला टाकलं जाण्याची धास्ती आहे तो दाराआडून आणखी मोठ्याने ओरडू लागतो. ‘थांबू’ असं म्हणणाऱ्याने वेळ सांगायची आणि ती पाळायची. समोरच्याने त्या वेळेत पाठलाग करायचा नाही, मेसेज पाठवायचा नाही.

पायरी ५: भडका उडालाच तर

इथे उद्दिष्ट छोटं ठेवा: कुणाला इजा होऊ नये, आणि नंतर मागे घेता येणार नाही असं काही बोललं, लिहिलं किंवा पाठवलं जाऊ नये. वाहन चालवू नका. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

शरीर खाली आणायला गार पाण्याचा उपयोग होतो. श्वास रोखून चेहरा, विशेषतः डोळ्यांखालचा भाग, काही सेकंद गार पाण्यात बुडवला किंवा तिथे गार कापड दाबून धरलं, की पाण्यात बुडी मारल्यावर होते तशी प्रतिक्रिया होऊन नाडी मंदावते. हृदयविकार असेल, नाडी मुळातच मंद असेल किंवा खाण्याचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका. दुसरा उपाय श्वासाचा: नाकाने आत घ्या, त्यावर आणखी एक छोटा श्वास घ्या, आणि तोंडाने सावकाश, आत घेतला त्यापेक्षा बराच जास्त वेळ सोडत राहा. आधी सराव नसेल तर ऐन वेळी जमत नाही, म्हणून रोज पाच मिनिटं करा. तिसरा उपाय शब्दांचा. मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ च्या अभ्यासात, चेहऱ्यावरच्या भावनेला नुसतं नाव दिल्यावरही अमिग्डलाची हालचाल कमी झालेली दिसली. ‘मला अपमान वाटतोय’, ‘मला भीती वाटतेय’ असं स्वतःशी नेमकं म्हणा. ‘राग आलाय’ एवढ्यावर थांबू नका. रागाखाली अनेकदा भीती किंवा लाज असते.

आता एका गैरसमजाबद्दल, कारण त्याने फार नुकसान होतं. ‘मनातलं बाहेर काढून टाक, उशीवर बुक्के मार, मोकळं वाटेल’ हा सल्ला चुकीचा आहे. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चिडवणाऱ्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅगवर बुक्के मारणारे लोक, काहीच न करता बसून राहिलेल्यांपेक्षा जास्त रागावलेले आणि जास्त आक्रमक ठरले. २०२४ मध्ये बुशमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १५४ अभ्यास एकत्र तपासले. श्वसन, ध्यान, स्नायू सैल सोडणं अशा उत्तेजना कमी करणाऱ्या गोष्टींनी राग उतरला. उत्तेजना वाढवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत उतरला नाही, धावण्याने तर तो वाढल्याचंच दिसलं. रोजचा व्यायाम प्रकृतीला चांगला आहे, तो जरूर करा. डोकं फिरलेलं असताना मात्र शरीर आणखी तापवू नका.

पायरी ६: ओसरल्यानंतरचे तास

पुढचा उद्रेक बहुतेक वेळा इथे तयार होतो, आणि इथेच सगळे विषय टाळतात.

उद्रेक ओसरला की थकवा येतो, मग लाज. लाज असह्य झाली की माणूस दोनपैकी एक वाट धरतो: तोंड लपवतो, किंवा ‘तूच मला तिथपर्यंत नेलंस’ म्हणून दोष ढकलतो. दोन्ही वाटांनी तो आणखी एकटा पडतो, ताण साठतो आणि पुढची ठिणगी आणखी लहान पुरते. स्वतःला वाट्टेल ते बोलून शिक्षा करणं म्हणजे जबाबदारी घेणं असं अनेकांना वाटतं. तसं ते नाही. ‘मी माणूसच वाईट आहे’ म्हटल्यावर बदलायला काही उरतच नाही. ‘मी मोबाइल फेकला, ते चुकीचं होतं’ म्हटल्यावर उरतं.

माफी शरीर पूर्ण शांत झाल्यावर मागा. तीत कृतीचं नाव घ्या, तिचा समोरच्यावर काय परिणाम झाला ते म्हणा, आणि ‘पण’ हा शब्द येऊ देऊ नका. ‘काल मी तुझ्या अंगावर ओरडले आणि फोन फेकला. तू घाबरलास, मुलं जागी झाली. ते माझं चुकलं. पुढच्या वेळी कानशिलं तापली की मी आत जाईन, तसं मी लिहून ठेवलंय.’ एवढं पुरे. जे फोडलं ते स्वतः आवरा, जे मोडलं ते भरून द्या. ‘माफ केलं म्हण’ असा हट्ट धरू नका; समोरच्याला त्याचा वेळ लागेल. मुलांसमोर घडलं असेल तर त्यांच्याशी वेगळं बोला, आणि यात त्यांची काही चूक नव्हती हे स्पष्ट शब्दांत सांगा. लहान मुलं असा दोष नकळत स्वतःकडे घेतात.

मग एक अवघड काम उरतं: मूळ विषय पुन्हा काढणं. उद्रेक चुकीचा असला तरी त्यामागचं गाऱ्हाणं अनेकदा रास्त असतं. वरच्या उदाहरणातल्या बाईकडे घरात खरोखरच कुणी लक्ष देत नसेल. ओरडल्याची लाज वाटून तिने तो विषय कायमचा गिळला, तर काही आठवड्यांनी तो दुप्पट होऊन वर येईल. म्हणून एक-दोन दिवसांत, शांतपणे, एकच मुद्दा घेऊन बसा: काय घडतं, त्याने मला काय वाटतं, मला नेमकं काय हवंय. घरच्यांनीही हे लक्षात घ्यायला हवं. शांतपणे सांगितलेलं ऐकलं गेलं, तरच ओरडायची गरज कमी होईल.

पायरी ७: मनातल्या त्या एका वाक्याची तपासणी

नोंदींत परत परत दिसणारं वाक्य घ्या. ‘मुद्दाम केलं’, ‘नेहमीच असं होतं’, ‘मला कुणी मोजत नाही’ यांपैकी काहीतरी असेल. ते मनात येताक्षणी पूर्ण खरं वाटतं. शांत असताना विचारा: मी प्रत्यक्ष काय पाहिलं, आणि त्यात मी काय भरलं? याच घटनेचा दुसरा एखादा अर्थ निघू शकतो का? भर रागात हे प्रश्न विचारायला जाऊ नका, जमणार नाही.

तपासल्यावर वाक्य खरं निघालं तर? तसंही होतं. कामावर रोज पाणउतारा होत असेल, आजाऱ्याची सगळी सेवा एकाच माणसावर पडली असेल, कर्जाने जीव टांगणीला लागला असेल, तर तिथे विचार बदलून भागत नाही. परिस्थितीच बदलायला हवी: कामाची वाटणी, मदतीला माणूस, नोकरीबद्दलचा निर्णय. असह्य परिस्थितीत तग धरण्यासाठी कुणाला श्वासाचे व्यायाम शिकवत बसणं अन्यायाचं आहे.

बरोबर राहणाऱ्यांसाठी

समोर आकांडतांडव चालू असताना वाद घालू नका, चूक-बरोबर ठरवू नका, ‘शांत हो’ म्हणू नका. आवाज खाली, वाक्यं छोटी, अंतर दोन-तीन हात, दाराची वाट मोकळी. ‘तुला खूप लागलंय हे दिसतंय मला. आपण बोलू. वस्तू फेकलेली चालणार नाही. मी वीस मिनिटांनी येते.’ भावना मान्य करणं आणि वागणं मान्य करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांतलं एक चक्र उलगडून दाखवलं. एकजण मागणी करतो, दुसरा नाही म्हणतो, पहिला आवाज चढवतो, दुसरा कंटाळून मान्य करतो. ओरडणाऱ्याला हवं ते मिळतं, मान्य करणाऱ्याला शांतता मिळते. दोघंही आपापला धडा पक्का करतात. यातून बाहेर पडायला घरातल्या सगळ्यांनी एकच रेषा ठरवावी लागते आणि उद्रेकाच्या जोरावर ती हलू द्यायची नसते. सुरुवातीचे काही दिवस उद्रेक उलट वाढतील. जुना मार्ग चालेनासा झाला की माणूस तोच मार्ग आणखी जोराने वापरून पाहतो. नेमक्या त्या दिवसांत एखाद्याने हार मानली, तर ‘एवढं ओरडलं की मिळतं’ ही नवी पातळी पक्की होते. धीर धरता येणार नसेल तर सुरुवात लहान मुद्द्यापासून करा. आणि एरवीच्या दिवसांत, काहीच घडलेलं नसताना, त्या माणसाला वेळ द्या. लक्ष फक्त भडक्यानंतरच मिळत असेल, तर बाकी सगळं करून उपयोग नाही.

मुलं आणि वृद्ध

साधारण १ ते ४ वर्षांच्या मुलांचं लोळण घेणं हा वाढीचाच भाग आहे. अशा वेळी राग लवकर शिगेला पोचतो आणि उतरतो. रडणं, जवळ घ्या म्हणणं मागे राहतं, असं अभ्यासांत आढळलं आहे. म्हणून रागाच्या भरात समजावू नका. इजा होणार नाही एवढं पाहा, जवळ थांबा, आणि हुंदके सुरू झाले की जवळ घ्या.

स्वमग्न मुलांचा कोलमडण्याचा क्षण वेगळा असतो. तो आवाज, प्रकाश, गर्दी किंवा अचानक बदललेला क्रम सहन न झाल्याने येतो. त्यावर बक्षीस-शिक्षा चालत नाही. आवाज आणि उजेड कमी करा, बोलणं कमी करा, वेळ द्या.

मूल ६ वर्षांच्या पुढचं आहे, आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा वयाला न शोभणारे उद्रेक होतात, मधल्या काळातही ते सतत चिडलेलं असतं, आणि हे घरीही, शाळेतही वर्षभर चालू आहे, असं असेल तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. पालकांना वागणुकीचं प्रशिक्षण देणं हा लहान मुलांच्या उपचारातला सगळ्यात भक्कम भाग असतो.

आयुष्यभर शांत असलेली वृद्ध व्यक्ती अचानक भडकू लागली, तर त्याला म्हातारपणाचा हट्ट म्हणू नका. लघवीतला किंवा इतर संसर्ग, सांगता न येणारं दुखणं, औषधांचा परिणाम, मेंदूचा आजार यांपैकी काहीही असू शकतं. हे दोन-चार दिवसांतच सुरू झालं असेल, सोबत गोंधळलेपण असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

डॉक्टरांकडे केव्हा, आणि काय घेऊन

वारंवार उद्रेक होणं हा थायरॉइड जास्त काम करण्याचा, रक्तातली साखर उतरण्याचा, डोक्याला झालेल्या जुन्या इजेचा परिणाम असू शकतो. नैराश्य, बायपोलर विकार (मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार), आघातानंतरचा ताण, एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा) किंवा पाळीआधीच्या तीव्र मनोविकाराचा भागही असू शकतो. शिवाय इंटरमिटंट एक्स्प्लोझिव्ह डिसऑर्डर, म्हणजे अधूनमधून अचानक भडकण्याचा विकार, असं स्वतंत्र निदानही आहे. २०१३ च्या डीएसएम-५ नुसार, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाचे निकष देणाऱ्या अमेरिकी पुस्तिकेनुसार, सरासरी आठवड्यातून दोनदा शाब्दिक किंवा इजा न करणारे उद्रेक तीन महिने चालू असणं, किंवा मोडतोड वा इजा करणारे तीन उद्रेक एका वर्षात होणं, ही त्याची मर्यादा आहे. अर्थात निदान इथे वाचून करायचं नाही. पण उद्रेकांमुळे नातं, नोकरी किंवा शाळा धोक्यात आली असेल, तर या मर्यादेपर्यंत पोचायची वाट पाहू नका.

उपचारांत वर्तन आणि विचारांवर काम करणारी कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी उपयोगी पडते. भावना फार खोल जात असतील, स्वतःला इजा होत असेल, तर डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी. तीत वैयक्तिक सत्रांबरोबर कौशल्यांचे गटवर्ग असतात आणि ती साधारण वर्षभर चालते. काहींना फ्लुओक्सेटिनसारख्या, एरवी नैराश्यावर दिल्या जाणाऱ्या औषधांनी उद्रेकांची तीव्रता कमी होते. औषध घेतल्याने माणूस दुबळा ठरत नाही. पण साखळी समजून घेण्याचं काम औषध करत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं.

पहिल्या भेटीला नोंदवही, चालू औषधांची यादी, झोपेच्या वेळा आणि शक्य असेल तर घरातलं एक माणूस बरोबर न्या. डॉक्टरांना थेट विचारा: तुम्हाला काय निदान वाटतं, शारीरिक कारणं तपासली का, फरक किती आठवड्यांनी दिसायला हवा, आणि नाही दिसला तर पुढे काय? उपचार सुरू झाल्यावर ‘उद्रेक झाला की नाही’ एवढंच मोजू नका. महिन्यात किती वेळा झाला, ० ते १० मध्ये किती तीव्र होता, किती वेळ चालला, आणि माफी मागून मूळ विषयावर परत यायला किती दिवस लागले, हे चारही आकडे लिहा. बहुतेकदा शेवटचा आकडा सगळ्यात आधी खाली येतो, आणि उद्रेकांची संख्या त्यानंतर.